शंका आली म्हणजे श्रद्धा गेली का?

'कृपा' हा शब्द आपल्याला नवा नाही. 'तुमच्या कृपेने सगळे ठीक आहे' असे आपण सहज म्हणून जातो. पाऊस वेळेवर आला की वरच्याची कृपा, मुलाला नोकरी लागली की देवाची कृपा. ख्रिस्ती धर्मातही हाच शब्द अगदी मध्यभागी आहे. तिथे मात्र त्याचा अर्थ थोडा निराळा आहे आणि पचनी पडायला जरा अवघड आहे. आज त्या अर्थाविषयी बोलायचे आहे. त्याच्या जोडीने आणखी एका गोष्टीविषयी बोलायचे आहे. ती प्रत्येक श्रद्धावंताच्या मनात असते, पण ओठावर येत नाही. ती म्हणजे शंका.

मी भंडाऱ्याचा. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या घरात होती. त्यात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण १ टक्काही नाही. इतक्या लहान समाजात सगळे एकमेकांना ओळखतात. रविवारच्या उपासनेला कोण आले, कोण आले नाही, हे सोमवारी सगळ्यांना ठाऊक असते. अशा ठिकाणी 'माझ्या मनात शंका आहे' असे म्हणायला धीर लागतो. लोक काय म्हणतील, पाळकसाहेबांना काय वाटेल, हा विचार आधी येतो. मग माणूस शंका आत दाबतो आणि बाहेर गाणी गात राहतो. हे फक्त ख्रिस्ती माणसाचेच होते असे नाही. देवाला मानणाऱ्या कुठल्याही घरात हे घडते.

आधी कृपेचा अर्थ पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. तो आमच्याकडच्या धानाच्या रोवणीसारखाच आहे असे मला नेहमी वाटते. समजा, एका शेतकऱ्याच्या बांधीत सकाळी सात वाजता दहा बायका रोवणीला उतरल्या. ठरलेली मजुरी ठरली. दुपारी आणखी काही जणी आल्या. दिवस कलताना चौकात कामाविना बसलेल्या दोघी-तिघींनाही त्याने बोलावून घेतले. संध्याकाळी पैसे वाटताना त्याने सगळ्यांच्या हातावर पूर्ण दिवसाची मजुरी ठेवली. आता सकाळपासून कंबर वाकवणाऱ्या बायका गप्प बसतील का? दृष्टान्तातले मजूरही गप्प बसले नाहीत. मालक त्यांना इतकेच सांगतो की, तुमचे ठरलेले मी बुडवले नाही. मी उदार झालो याचा तुम्हाला राग का यावा?

व्यवहाराच्या हिशेबात हे बसत नाही, आणि बसू नये असाच हा दृष्टान्त आहे. उशिरा आलेल्या बाईच्या घरीही चूल पेटायची असते, हे त्या मालकाने पाहिले. तिने किती पेंढ्या रोवल्या हे मोजले नाही. ख्रिस्ती विचारात कृपा म्हणतात ती हीच. पात्रता पाहून दिले ते वेतन आणि गरज पाहून दिली ती कृपा. संत पौलाने आपल्या पत्रांतून हाच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला. देवाने जवळ केले ते आपल्या पुण्याईमुळे नव्हे, म्हणून बढाई मारायला जागा उरत नाही, असे त्याचे सांगणे आहे.

आता या अर्थाचा शंकेशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. श्रद्धा ही माझी कमाई असेल, तर शंका म्हणजे माझ्या खात्यातली तूट. शंका वाढली की खाते बुडाले. पण मला धरून ठेवणारा हात दुसऱ्याचा असेल, तर माझी पकड ढिली झाली म्हणून मी लगेच खाली पडत नाही. बाजारात लहान मूल आईचे बोट धरून चालते. गर्दीत त्याची मूठ सुटते, तरी ते हरवत नाही, कारण आईने त्याचे मनगट धरलेले असते.

हे पुस्तकी वाटेल म्हणून आपल्याच मराठी माणसांची उदाहरणे सांगतो.

पंडिता रमाबाईंचे नाव सर्वांना माहीत आहे. त्यांचा जन्म १८५८ चा. दुष्काळाच्या दिवसांत आई-वडील गेले. ज्या देवांची व्रते-उपवास केले, त्यांच्याविषयीच मनात प्रश्न उभे राहिले. पुढे इंग्लंडमध्ये २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटेल की प्रश्न संपले. प्रत्यक्षात ते वाढले. त्रैक्याचा सिद्धांत आणि ख्रिस्ताचे देवत्व या गोष्टी पटल्याशिवाय मी मान्य करणार नाही, असे त्या आपल्या धर्मगुरू भगिनींना पत्रांतून ठणकावून सांगत. तो पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाला आहे. वरिष्ठांना त्यांचे हे वागणे हट्टीपणाचे वाटे. रमाबाई मात्र आपली सदसद्विवेकबुद्धी कुणाकडे गहाण ठेवायला तयार नव्हत्या.

बाप्तिस्म्यानंतर ८ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना जे उमगले ते त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहून ठेवले. सार असे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. आधी आपण लायक होऊ आणि मग तो आपल्याला स्वीकारील, असे त्यांना वाटत आले होते. आपण आहोत तशाच स्वीकारल्या गेलो आहोत, हे तेव्हा त्यांना कळले. यानंतर त्या हात जोडून बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आमचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. तिथून शेकडो निराधार मुली-बायकांना त्यांनी आधार दिला आणि पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की त्यांनी प्रश्न विचारणे थांबवले म्हणून कृपा मिळाली असे झाले नाही. प्रश्न विचारत विचारतच त्या तिथे पोहोचल्या.

रमाबाईंचे मन वळवण्यात एका माणसाचा मोठा वाटा होता. ते म्हणजे नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित. ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी त्यांनी तरुणपणी संस्कृतात ग्रंथ लिहिला, आणि वाद घालता घालताच ते ख्रिस्ताकडे ओढले गेले. १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. मधली ४७ वर्षे हा माणूस शंकांशी झगडत राहिला. बुद्धी इतकी तीक्ष्ण, की स्वतःच्या उत्तरातली उणीव स्वतःलाच आधी दिसे. तरीही ते पाळक झाले, शिकवत राहिले, लिहीत राहिले, साधेपणाने राहिले. ज्याच्या मनाला पुरती स्वस्थता क्वचितच लाभली, त्याच्याच लेखनाने रमाबाईंच्या शंका फिटल्या. कधीच न भटकलेल्या माणसापेक्षा शंकेची वाट तुडवलेला माणूस पुष्कळदा चांगला वाटाड्या होतो.

तिसरे उदाहरण आमच्या भागातून गेलेल्या रेल्वेगाडीतले आहे. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. या मार्गावर भंडारा रोड म्हणजे आमचे वरठी, मग तुमसर रोड, गोंदिया ही स्थानके लागतात. गाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांची मात्र पुढे दोन वर्षे मनाची ओढाताण चालली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सोबत नव्हत्या. त्यांच्यावर तर आभाळच कोसळले. काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे परत आल्या, पण धर्म त्यांनी नवऱ्यामागे फरफटत जाऊन बदलला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी स्वतः विचार केला आणि १९०० मध्ये स्वतःच्या पायांनी चालत त्या तिथवर आल्या. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हा प्रवास ठाऊक आहे. कृपा घाई करत नाही, हे या घराकडे पाहून कळते.

आता सगळ्यात कठीण भागाकडे येतो. काही शंका पुस्तकातून येतात, काही थेट काळजातून. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळे गेली. सगळा महाराष्ट्र हळहळला. आमचे तर ते गावच. त्या दिवसांत आमच्या मंडळीतल्या एका बाईंनी मला विचारले, "भाऊ, मले आता प्रार्थना कराची इच्छाच होत नाही. माजा विश्वास संपला का?" त्यांचे स्वतःचे कुणी त्यात नव्हते. त्या नुसत्या आई होत्या.

अशा वेळी लोक दोन वाक्ये पटकन बोलतात. एक, 'देवाची इच्छा'. दुसरे, 'देव असता तर हे झालेच नसते'. दोन्ही वाक्ये समोरच्याला गप्प करतात. आग कशी लागली, कुणाची जबाबदारी होती, हा चौकशीचा आणि न्यायाचा विषय आहे. त्याचे उत्तर माणसांनी द्यायचे असते. ते देवाच्या इच्छेवर ढकलून मोकळे होणे ही श्रद्धा नव्हे. उरतो तो दुःखाचा प्रश्न, आणि त्यावर युक्तिवाद चालत नाही. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्यांनी कारणमीमांसा सुरू केली आणि सगळे बिघडले. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे.

मी त्या बाईंना म्हटले, "बाई, देवावर रुसायला आधी तो आहे असे मानावे लागते. तुम्ही रुसल्या आहात. रुसूनच बसा त्याच्याजवळ, पण उठून जाऊ नका." स्तोत्रसंहितेत स्तुतीच्या बरोबरीने आक्रोशाची स्तोत्रेही भरपूर आहेत, हेही त्यांना दाखवले. आक्रोश ही सुद्धा प्रार्थनाच असते.

येशू शंकेखोर माणसांशी कसा वागला, तेही पाहण्यासारखे आहे. ज्याने येशूची जगाला ओळख करून दिली, त्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानालाच पुढे तुरुंगात शंका आली. तूच तो आहेस का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहू, असे त्याने निरोप पाठवून विचारले. येशूने त्याला दोष दिला नाही. उलट लोकांसमोर त्याची थोरवी सांगितली. आजारी मुलाचा एक बाप आला. आपला विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, दोन्ही सावर, असे तो रडत म्हणाला. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मूल बरे झाले. थोमाला जखमा पाहायच्या होत्या, तर येशूने त्या पुढे केल्या. आणि वधस्तंभावर खुद्द येशूच्या तोंडून, देवा, तू मला का सोडलेस, हा प्रश्न निघाला. जिथे देवपुत्राचा प्रश्न खपतो, तिथे आपला का खपू नये?

मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला धक्का बसला. कितीतरी दशके त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती, आत नुसता अंधार होता, असे त्यात दिसले. काहींना वाटले, हा दुटप्पीपणा झाला. मला उलट वाटते. मनात काही उजेड नसताना रोज पहाटे उठून रस्त्यावरच्या मरणोन्मुख माणसाला उचलणे, याला श्रद्धा म्हणायचे नाही तर कशाला?

मात्र एक सावधगिरी हवी. कृपा आहे म्हणून कसेही वागा, असा तिचा अर्थ नव्हे. हिटलरशाहीत प्राण गमावलेले जर्मन धर्मपंडित डीट्रिश बोनहॉफर यांनी १९३७ मध्येच 'स्वस्त कृपे'विरुद्ध बजावले होते. कृपा फुकट मिळते, पण ती स्वस्त नसते. ती घेणाऱ्याला बदलते. न बदलणारी असेल तर ती कृपा नव्हे, नुसती सबब.

मग शंका आली तर करायचे काय? माझ्या अनुभवाच्या तीन-चार गोष्टी सांगतो. पहिली, शंका कुठल्या जातीची आहे ते ओळखा. बुद्धीची शंका असेल तर वाचा, जाणत्या माणसाला विचारा. दुःखातून आलेली असेल तर उत्तर शोधण्याऐवजी सोबत शोधा. आणि मंडळीतल्याच कुणाच्या वागण्याने मन विटले असेल, तर तो माणूस आणि देव यांना एका पारड्यात टाकू नका. दुसरी, शंका एकट्याने गिळू नका. ऐकून घेणाऱ्या एका तरी माणसाजवळ बोला. तिसरी, हातातले लहान चांगले काम सोडू नका. मन चालत नसले तरी पाय चालू द्यावेत. मन पुष्कळदा मागून येते. चौथी, झोप उडाली, जेवण जाईना, जगण्यातच रस वाटेना असे झाले, तर ती श्रद्धेची उणीव समजू नका. डॉक्टरांकडे जा. औषध घेण्यात देवाचा अपमान नाही.

आणि ज्यांना शंका येत नाही त्यांना एक विनंती. घरातला तरुण मुलगा, सून किंवा म्हातारे वडील असा प्रश्न घेऊन आले तर 'असे बोलू नये' म्हणून त्यांचे तोंड बंद करू नका. जो विचारतो आहे तो अजून दाराशी उभा आहे. निघून गेलेला माणूस काही विचारत नाही. त्याला आत घ्या, बसायला पाट द्या आणि ऐकून घ्या. आपल्यालाही कुणीतरी असेच, हिशेब न मागता, आत घेतले आहे.