गिटारची नखी धरताना

गिटार वाजवायच्या तिकोनी चकतीला दुकानात 'पिक' म्हणतात. आमच्या लोणी भापकरात पीक म्हटलं की बाजरी आठवते, म्हणून आम्ही तिला नखीच म्हणतो. सतारीची नखी तारेची, बोटात घालायची. ही मात्र हातात धरावी लागते, आणि तिथंच आम्ही अडलो.

खुरपं धरून वळलेली आमची मूठ. नखी तशीच आवळली की मनगट आखडतं, तारा खणखणतात, घरातले हसतात. दोघी तर शिकणं सोडायला निघाल्या होत्या. मग रांगोळीची चिमूट आठवली. अंगठ्याजवळचं बोट आत वाकवा, त्याच्या शेवटच्या पेराच्या कडेवर नखी ठेवा, वरून अंगठा आडवा. टोक ३-४ मिलिमीटरच बाहेर. पडणार नाही इतकंच धरा.

घेताना जाडी बघा, बहुधा नखीवरच छापलेली असते. ०.५ मिलिमीटरची वाकते, सगळ्या तारांवर हात फिरवायला सोपी. १ मिलिमीटरची ताठ, एकेका सुराला बरी, पण नवख्या हाताला अडखळते. आम्हाला ०.७ ची जमली. अगदी गुळगुळीत नको, घामानं सटकते. गिटारच्या पोटात पडली तर गिटार पालथी करून हलवा. आमची आठवड्यात दोनदा पडते.