पॅकेज येते, तिजोरी तशीच

ठाण्याच्या राजकारणाचा नकाशा काढायचा झाला, तर रेखाटन टेंभी नाक्यापासून सुरू करावे लागते. शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांचे आनंदाश्रम इथले, १९७८ पासून चालत आलेली नवरात्रातली दुर्गेश्वरी इथली, दहीहंडीचे थरही इथलेच. याच नाक्यावरून शाखेच्या वाटेने वर गेलेले एकनाथ शिंदे २०१९ च्या अखेरीस नगरविकास मंत्री झाले, जून २०२२ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि पुढे उपमुख्यमंत्री. या सगळ्या काळात नगरविकास खाते त्यांच्याच हाती राहिले. कल्याणचे खासदारही त्याच घरातले.

म्हणजे अडचणीतल्या महापालिकेला राज्य सरकारने हात दिल्याने काय साधते, हे तपासायला ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसारखी जागा शोधून सापडायची नाही. ‘मंत्रालयात आमचे कोण ऐकतो’ ही इतर शहरांची नेहमीची तक्रार इथे लागूच होत नाही. फाइल अडली म्हणावे, तर फाइलवर सही करणारा माणूस आपल्याच गल्लीतला.

तरीही ठाणे पालिकेत ठेकेदारांची बिले थकली, दायित्वाचा डोंगर झाला, आयुक्तांना नवी कामे थांबवावी लागली. कल्याण-डोंबिवलीत तर ‘तिजोरीत खडखडाट’ हे शब्द वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे मथळ्यासाठी राखून ठेवलेले असावेत.

आपल्याकडे महापालिका दिवाळखोरीत जात नाही. अमेरिकेत डेट्रॉइट शहराने जुलै २०१३ मध्ये रीतसर न्यायालयात जाऊन दिवाळखोरी मागितली. आपल्या कायद्यात ती वाटच नाही. इथे संकट कळते ते वेगळ्या खुणांनी: कचऱ्याच्या गाड्यांचा ठेकेदार काम थांबवतो, परिवहनच्या कर्मचाऱ्यांचा पगार लांबतो, शिलकी अर्थसंकल्प मंजूर होतो आणि सहा महिन्यांत त्यातली निम्मी कामे कागदावर राहतात. राज्याच्या हाती मात्र भरपूर काही आहे. १९४९ च्या महापालिका अधिनियमानुसार आयुक्त सरकार नेमते. कलम ४५१ खाली महासभेचा ठराव विखंडित करता येतो, ४५२ खाली अख्खी पालिका बरखास्त करता येते. अधिकारांची वाण कधीच नव्हती.

खरा हस्तक्षेप झाला तो उत्पन्नात. ठाण्याच्या वेशीवर ट्रकांच्या रांगा लावणारे जकात नाके ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना जकातीबद्दल प्रेम वाटण्याचे कारण नाही. भ्रष्टाचार होता, इंधनाची नासाडी होती, व्यापाऱ्यांचा छळ होता. पण एक गोष्ट होती: तो पैसा रोज यायचा आणि पालिकेचा स्वतःचा होता. १ एप्रिल २०१३ ला ठाण्यात जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. कल्याण-डोंबिवलीत तो त्याआधीच आलेला होता. व्यापारी भडकले, बंद पुकारले गेले, मोर्चे निघाले. सरकार बदलले आणि १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींहून कमी उलाढाल असलेल्यांना या करातून मुक्ती मिळाली. उरलेली वसुली १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कराने गिळली.

त्या बदल्यात राज्याने नुकसानभरपाईचा कायदा केला. २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरायचे, त्यावर दरसाल आठ टक्के वाढ धरून रक्कम महिन्याच्या महिन्याला द्यायची. व्यवस्था वाईट नाही. देशातल्या अनेक राज्यांतल्या पालिकांना एवढेही मिळत नाही. पण यात एक मेख आहे. शहरात उद्योग वाढले, मॉल आले, घोडबंदर रोडवर मनोऱ्यांमागून मनोरे उभे राहिले, तरी पालिकेच्या वाट्याला तेच आठ टक्के. शहराची भरभराट आणि पालिकेची कमाई यांचा सांधाच निखळला. पगारावर जगणाऱ्या मुलाची कमाई वडिलांनी काढून घेऊन त्याला हातखर्च बांधून द्यावा, तसे हे झाले. हातखर्च वेळेवर मिळतो, पण घरातला त्याचा आवाज जातो.

दुसऱ्या प्रकारचा हस्तक्षेप म्हणजे पॅकेज. १ नोव्हेंबर २०१५ ला कल्याण-डोंबिवलीची निवडणूक होती. तिच्या तोंडावर तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी या शहरांसाठी साडेसहा हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. आकडा इतका मोठा की ऐकणाऱ्याला आपल्या पालिकेच्या दारात नोटांचा ट्रक उभा राहील असे वाटावे. पुढची काही वर्षे ‘ते साडेसहा हजार कोटी कुठे गेले?’ हा प्रश्न प्रत्येक प्रचारसभेत विचारला गेला, आणि गंमत म्हणजे तो विचारणाऱ्यांत सत्तेतला भागीदार पक्षही होता.

उत्तर साधे आहे. असे पैसे पालिकेकडे येतच नाहीत. ते मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए), रस्ते विकास महामंडळाकडे, स्मार्ट सिटीच्या कंपनीकडे जातात आणि पूल, रस्ते, स्थानक परिसर अशा रूपात दिसतात. कल्याणचा जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. काम रस्ते विकास महामंडळाचे. मधली सव्वादोन वर्षे कल्याणकरांनी जी कोंडी भोगली ती त्यांनाच ठाऊक, पण पूल झाला आणि तो पालिकेच्या कुवतीबाहेरचा होता हेही खरे. ठाण्यातल्या अंतर्गत रस्त्यांसाठी मुख्यमंत्री शिंद्यांच्या काळात राज्याने ६०५ कोटी दिले. रस्ते सुधारले, नाही कशाला म्हणायचे? मात्र या रस्त्यांच्या देखभालीचा, झाडलोटीचा, दिव्यांचा रोजचा खर्च पालिकेच्याच माथी. मालमत्ता वाढते आणि तिच्या मागे खर्चही वाढतो. स्मार्ट सिटीचेही तसेच. सप्टेंबर २०१६ मध्ये दोन्ही शहरांची निवड झाली तेव्हा पेढे वाटले गेले. केंद्राच्या पाचशे कोटींना जोडून राज्य आणि पालिका यांनीही आपापला हिस्सा घालायचा होता, हे पेढ्यांच्या वासात कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाही.

कधी कधी मदतीचा हात आणि खिशातला हात एकच असतो. जानेवारी २०२१ मध्ये, करोनाने पालिकांचे कंबरडे मोडलेले असताना, राज्याने बिल्डरांना वाढीव बांधकामासाठी भराव्या लागणाऱ्या अधिमूल्यात वर्षभरासाठी पन्नास टक्के सूट दिली. बांधकाम क्षेत्र सावरावे हा हेतू. ठाण्यासारख्या पालिकेचा मोठा आधार शहर विकास विभागाचे हेच उत्पन्न. प्रस्ताव वाढले, तात्कालिक वसुलीही झाली, पण पुढच्या काही वर्षांत येणारे प्रस्ताव त्या एका वर्षात दामटले गेले. पुढचे पीक आधीच कापून झाले.

आणि जे कापायचे ते कापलेच जात नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या बेकायदा बांधकामांची चौकशी करायला उच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती अग्यार समिती बसली होती. तिने मोजलेली बेकायदा बांधकामे होती ६७ हजार ९२०. प्रत्येक बांधकाम म्हणजे विकास शुल्क न भरता पाणी, गटार, रस्ता मागणारा ग्राहक. अग्यार समितीनंतर प्रकार थांबला असेल असे समजू नका. डोंबिवलीतल्या ६५ इमारती बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवून उभ्या राहिल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. उलट कचऱ्याच्या प्रश्नावर न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये नव्या बांधकाम परवानग्यांनाच बंदी घातली होती. म्हणजे जो कायद्याने बांधतो त्याचे शुल्क बुडाले, आणि जो कायदा मोडून बांधतो त्याने कधी दिलेच नव्हते. हे भोक कुठल्या पॅकेजने बुजणार?

त्यात कल्याण-डोंबिवलीला लागून असलेल्या सत्तावीस गावांचा खेळ. १९८३ ला गावे पालिकेत, २००२ ला बाहेर, जून २०१५ ला पुन्हा आत. २०२० मध्ये त्यांतली अठरा बाहेर काढून वेगळी नगर परिषद करायचे ठरले, आणि डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. प्रत्येक फेऱ्यात पाण्याची थकबाकी कोणाची, कर्मचारी कोणाचे, कर कोणत्या दराने, हे प्रश्न पालिकेच्या अंगावर. ग्रामस्थ म्हणतात सुविधा नाहीत तर शहराचा कर का भरू? पालिका म्हणते कर नाही तर सुविधा कुठून आणू? दोघेही बरोबर आहेत. ज्यांनी रेषा आखली आणि पुसली ते या वादात कुठेच नसतात.

थेट कर्जफेडीचे उदाहरण शोधायचे तर जळगावला जावे लागते. घरकुलांसह अनेक योजनांसाठी हुडकोकडून घेतलेल्या कर्जाने त्या पालिकेची खाती गोठवण्यापर्यंत वेळ आली होती. २०१९ मध्ये राज्याने मध्ये पडून एकरकमी तडजोड घडवली आणि गळ्यातला फास सुटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घरकुल प्रकरणात माजी मंत्र्यांसह अनेकांना शिक्षा झाली. कर्जही मिटले, दोषही ठरला. अशी जोडी आपल्याकडे क्वचितच जमते.

१९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर बुडायला आले, तेव्हा राज्याने पैसा उभा करून दिला खरा, पण सोबत एक नियंत्रण मंडळ बसवले. शहराचा हिशेब तपासल्याशिवाय पैसा सुटेना. नोकऱ्या गेल्या, शतकाहून अधिक काळ मोफत असलेल्या शहर विद्यापीठाला शुल्क लावावे लागले. लोकांनी शिव्या घातल्या. तिथे पैसा जमाखर्चाच्या वहीला बांधून आला. आपल्याकडे तो भूमिपूजनाच्या नारळाला बांधून येतो.

प्रशासक बसवला की कारभार सुधारतो, असेही एक मत ऐकू येते. कल्याण-डोंबिवलीला हा प्रयोग नवा नाही. १९८३ ला महापालिका झाली आणि पहिली निवडणूक झाली १९९५ ला. बारा वर्षे प्रशासकच. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे पुन्हा प्रशासक बसला, ठाण्यात मार्च २०२२ मध्ये. ठाणेकर अजून टी. चंद्रशेखर यांचे नाव घेतात, ज्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अतिक्रमणे पाडून रस्ते रुंद केले. पण त्यांच्या वेळी महासभा होती, नगरसेवक होते, भांडणे होती. माणूस खमका होता, एवढेच. प्रशासकाच्या राजवटीत मालमत्ता कराची वसुली वाढवता येते, अभय योजना आणून थकबाकीदारांची शास्ती माफ करून पैसा गोळा करता येतो. करांचे दर वाढवायला मात्र तोही धजत नाही, कारण वरचे सरकार निवडून आलेलेच असते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी झाली. ठाण्यात हेच वचन २०१७ च्या निवडणुकीतले.

पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला एक अट घातली होती: मालमत्ता कराचे किमान दर ठरवा आणि वसुली राज्याच्या सकल उत्पादनवाढीच्या वेगाने वाढवा. ही अट मला सगळ्या पॅकेजांपेक्षा कामाची वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगितले, नंतर ३१ जानेवारी २०२६ ची मुदत दिली. यापुढे जेव्हा कधी प्रचाराचे नारळ फुटतील तेव्हा उमेदवाराला एकच कागद मागावा: पालिकेच्या अंदाजपत्रकातले जमेचे पान. त्यात ‘शासकीय अनुदाने’ हा रकाना असतो. गेल्या वर्षी अपेक्षित किती लिहिले, सुधारित किती झाले, प्रत्यक्षात किती आले, हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. मग त्याच पानावरचा मालमत्ता कराचा रकाना पाहावा आणि दोन्हींतला कोणता वाढतो आहे ते उमेदवारालाच विचारावे.