प्रवासातला कचरा घरातूनच निघतो

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे, बाकीचे ११ आपल्याकडे. रायगड, राजगड, साल्हेर, प्रतापगड अशी नावं त्या यादीत बघून ऊर भरून येतो. पण गडाच्या पायथ्याच्या गावात जाऊन जरा चौकशी करा. कचरा गोळा करायला बहुतेक ग्रामपंचायतींकडे नियमित गाडी नसते आणि त्यावर प्रक्रिया करण्याची सोय तर दूरच. शहरात टाकलेली पाण्याची बाटली कचरावेचक उचलतात, कारण भंगारात तिला भाव आहे. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर टाकलेली बाटली आणायला कोण चढणार? किलोभर बाटल्यांच्या पैशात तेवढी चढउतार परवडत नाही. मग ती दरीत जाते, नाहीतर गावाबाहेर पेटवली जाते आणि तो धूर त्या गावातल्या पोरांच्या छातीत जातो.

कायद्याने हे थांबेल, असं आपल्याला वाटत होतं. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने देशभर प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे आणि स्ट्रॉ बंद केले. मात्र केंद्राच्या यादीत पाण्याची बाटली नाही आणि वेफर्सचं पाकीटही नाही. पर्यटक मागे टाकून येतात त्यात या दोनच वस्तू जास्त दिसतात. सिक्कीममधल्या लाचेन या डोंगरी गावाने २०१२ मध्येच बाटलीबंद पाण्याला मनाई केली आणि पुढे २०२२ पासून सिक्कीम राज्यानेही तोच मार्ग धरला. आपल्याकडे तसा निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर हा प्रश्न आदल्या रात्री घरी बॅग भरतानाच सोडवावा लागणार आहे.

हिशेब पाण्यापासून करू. चौघांचं कुटुंब दोन दिवस महाबळेश्वरला गेलं आणि माणशी रोज दोन लिटर पाणी धरलं, तर लिटरच्या १६ बाटल्या होतात. माणशी एक बाटली घरून नेली की हा आकडा शून्यावर येऊ शकतो. अट एवढीच की ती भरायची कुठे, हे आधी ठरलेलं हवं. निघताना घरी भरावी, मग मुक्कामाच्या ठिकाणी फिल्टरचं पाणी घ्यावं. जेवायला थांबलो तर हॉटेलात बाटली पुढे करून मागावं. सहसा कुणी नाही म्हणत नाही. गडावरच्या टाक्यातलं पाणी प्यायचं असेल तर आधी गाळावं, मग उकळावं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. साधारण दोन हजार मीटरच्या वर गेलं की तीन मिनिटं लागतात, पण आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्यामुळे महाराष्ट्रात कुठेही एका मिनिटावर काम भागतं. चढायचं असेल तर एका पदराची स्टीलची बाटली घ्यावी. गार-गरम ठेवणारी दुहेरी बाटली बरीच जड पडते. आणि परदेशी जाताना विमानतळावर भरलेली बाटली अडवतात, रिकामी जाऊ देतात.

चहाचं काय? बंदीनंतर टपरीवर कागदी कप आले आणि आपण निश्चिंत झालो. या कपांना आतून पॉलिथिनचं पातळ अस्तर असतं, नाहीतर चहा झिरपला असता. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये असे कप तपासले. १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं कपात ठेवलं तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात, असं त्यांना आढळलं. अस्तरामुळे हे कप साध्या कागदासारखे रद्दीतही चालत नाहीत. स्टीलचा एक छोटा पेला जवळ असला की हा विषय संपतो. टपरीवाला त्यात आनंदाने चहा ओततो. मात्र हा पेला बॅगेच्या तळाशी कपड्यांखाली दबलेला नको. बस पाच मिनिटं थांबते, तेवढ्यात तो काढायला जमलं नाही की हातात कागदी कप येतोच. पेला, बाटली आणि कापडी पिशवी बाहेरच्या कप्प्यात ठेवावी.

कापडी पिशवीबद्दल मला आग्रहाने सांगायचंय की ती नवी विकत घेऊ नका. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा तुलनात्मक अभ्यास केला होता. नवी सुती पिशवी, केवळ हवामानावरच्या परिणामाच्या हिशेबात, प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा सरस ठरायची तर ती किमान ५२ वेळा वापरायला हवी, असं त्यात निघालं. बाकीचे परिणाम धरले तर हा आकडा हजारांत जातो. जुन्या साडीची किंवा चादरीची घरी शिवलेली पिशवी असेल तर कापूस नव्याने पिकवावा लागत नाही. ‘इको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बांबूच्या काटे-चमच्यांच्या संचालाही हेच लागू आहे. घरातला चमचा पुरे.

खाण्याचा कचरा हट्टी असतो. वेफर्स-कुरकुऱ्यांच्या पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं अवघड, म्हणून भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, डबाभर चिवडा एवढं घेतलं तर दोन दिवस पाकिटांची गरज पडत नाही. डबा रिकामा झाला की येताना त्यातच पार्सल घ्यावं. पंढरीच्या वाटेवर कितीतरी वारकरी आजही आपलं ताट-तांब्या सोबत ठेवतात आणि जेवण झालं की घासून परत पिशवीत टाकतात.

एका गोष्टीबद्दल फारसं बोललं जात नाही. पाळीच्या दिवसांत गडावर किंवा गावात मुक्काम असला की वापरलेले पॅड टाकायचे कुठे, हा बायकांपुढचा खरा प्रश्न असतो. त्यातलं प्लास्टिक कुजत नाही आणि पॅड संडासात टाकला तर खेड्यातला शोषखड्डा तुंबतो. मेन्स्ट्रुअल कप काही वर्षं वापरता येतो आणि आठ ते बारा तास काळजी नसते. मात्र त्याची सवय घरी दोन-तीन पाळ्यांत करून घ्यावी, पहिला प्रयोग प्रवासात नको. ज्यांना कप नको त्यांनी कापडी पॅड आणि ते ठेवायला घट्ट बंद होणारी पिशवी न्यावी. तान्ह्या बाळासाठी निदान मुक्कामाच्या ठिकाणी तरी लंगोट वापरता येतात.

पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून बस भरून गडांवर जाणारे गट आहेत. त्यांच्या सूचनांत टॉर्च आणि रेनकोट असतोच. ताट, पेला आणि बाटलीही सक्तीची करावी. न्याहारीचे पोहे पायथ्याच्या एखाद्या घरात होतात. त्या मावशींना आदल्या दिवशी फोन करून सांगावं की डिश आणू नका, आम्ही ताटं आणतोय आणि घासूही आम्हीच. त्यांचे डिशवरचे पैसे वाचतात आणि सोमवारी अंगणामागे जाळायला ढीग उरत नाही.