ताळा

सोमवार, 18 ऑगस्ट 2025. डिचोली औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कचेरीत सकाळचे साडेनऊ वाजले आहेत. पत्र्यावर पाऊस इतका वाजतोय की फोन कानाला घट्ट धरावा लागतो. माझ्या पडद्यावर रजेची यादी उघडी आहे आणि तिच्या तळाशी आकडा आहे 100.

बरोबर शंभर. सत्त्याण्णव असता तर मी चहा मागवला असता. पगारपत्रक करणाऱ्या माणसाला गोल आकडा दिसला की आधी शंका येते. गणपतीची चवथ नऊ दिवसांवर आली आहे. डिचोली आणि पेडण्याजवळचं तुये, दोन्ही युनिटांतले लोक रजा मागताहेत, आणि ते नेमके शंभर?

रजेची ही यंत्रणा बांधणारी ती साडेदहाला येते. एरवी तुयेला बसते. आज कोलवाळचा पूल, म्हापसा, अस्नोडा करत दुचाकीवरून आली आहे. रेनकोट दाराला टांगते आणि लॅपटॉप माझ्याच टेबलावर ठेवते.

रजेचा अर्ज आमच्याकडे शेअरपॉइंटवर होतो. कामगार मोबाइलवर अर्ज भरतो, तो फोरमनकडे जातो, तिथून एचआरकडे, शेवटी माझ्या यादीत येतो. हा रस्ता म्हणजे वर्कफ्लो. जुना वर्कफ्लो ज्याने बांधला तो पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला; मागे टिपणाचा एक कागदही नाही. त्यात शेअरपॉइंट ऑनलाइनवरचे 2013 पद्धतीचे वर्कफ्लो येत्या 2 एप्रिल 2026 ला बंद व्हायचे आहेत. म्हणून जूनपासून ती सगळं पॉवर ऑटोमेटवर नव्याने बांधतेय.

ती रन हिस्टरी, म्हणजे वर्कफ्लो कसा चालला त्याची नोंद, उघडते. वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणा. यशस्वी, यशस्वी, यशस्वी.

"काका, चूक काहीच दाखवत नाही."

"मग मूळ अर्ज मोज."

ती मोजते. 141.

थोडा वेळ फक्त पाऊस ऐकू येतो. मग ती स्वतःच्या कपाळावर हलकेच चापट मारते. यादीतून नोंदी आणणारी पायरी आहे, तिला किती आणायच्या ते सांगितलं नाही तर ती पहिल्या शंभर आणते आणि थांबते. बाकी आहेत असं म्हणत नाही. जूनमध्ये चाचणी घेतली तेव्हा अर्ज होते बारा, त्यामुळे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. ती त्या पायरीच्या सेटिंगमध्ये मर्यादा 5000 करते. पुन्हा चालवते. 141.

मी चहा मागवतो.

चहाबरोबर फोरमनही आत येतो, छत्री तशीच टपकतेय.

"बाय गो, रजा मागली एकुणतिसाची, मेळ्ळी अठ्ठाविसाची. अठ्ठाविसाक सुटीच आसा मगे!"

त्याचा गणपती पाच दिवसांचा. 27 आणि 28 कारखान्याला सुट्टी, 31 ला रविवार. मधले 29 आणि 30 त्याने मागितले. माझ्या यादीत मात्र 28 आणि 29 लागले आहेत. म्हणजे सुट्टीच्या दिवशी रजा खर्ची पडली आणि 30 तारखेला माणूस बिनरजेचा गैरहजर. एका दिवसाचा पगार गेला असता.

ती त्याचा अर्ज उघडते, आतली नोंद मला दाखवते. तिथे लिहिलंय: 28 ऑगस्ट, 18 वाजून 30 मिनिटं, पुढे यूटीसी.

"हे काय?"

"ग्रीनिचची प्रमाणवेळ. आपण साडेपाच तास पुढे. आपल्या एकोणतिसाची मध्यरात्र म्हणजे तिकडच्या अठ्ठाविसाची संध्याकाळ. मी त्यातली वेळ कापून नुसती तारीख उचलली."

म्हणजे फोरमनने मागितला होता दिवस, आणि आम्ही जपून ठेवला क्षण. भिंतीवरच्या कालनिर्णयला असा प्रश्न पडत नाही. तिथे एकोणतीसच्या चौकटीत वाजले किती हे कुणी विचारत नाही. ती मध्ये एक पायरी घालते: वेळेचं रूपांतर करून मगच तारीख घ्यायची. आपली वेळ निवडायच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली आहे. फोरमन चष्मा वर करून वाचतो.

"गोंय खंय?"

"मुंबईतच धरा आज," ती हसते.

तो जात नाही. त्याचं दुसरंही गाऱ्हाणं आहे. रोज सकाळी आठ वाजता त्याला मेल येतो, तुमच्याकडे अर्ज मंजुरीसाठी पडून आहेत. "हांवें केन्नाच मंजूर केल्यात!" आणि खरंच, पडद्यावर मंजुरी दिसतेय, तारखेसकट.

हे सोडवायला पाऊण तास जातो. यादीतले रकाने आम्ही हौसेने मराठीत ठेवले आहेत: मंजुरी दिनांक, मंजुरी शेरा, मंजुरी देणारा. शेअरपॉइंट प्रत्येक रकान्याला आत आणखी एक नाव देतं, आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सात रोमी चिन्हांत लिहितं. अनुस्वार वेगळा, उकार वेगळा. नावाची लांबी 32 चिन्हांची. चार साते अठ्ठावीस, पाचव्याचा तुकडा, की नाव संपलं.

ती बोटांवर मोजते. "म, अनुस्वार, ज, उकार. 'मंजु'पर्यंत आलं, 'री'ला कात्री."

"म्हणजे आत तिन्ही मंजूच?"

"तिन्ही मंजू. वेगळ्या कळाव्यात म्हणून पुढे आकडा चिकटवलाय."

आठवणीच्या मेलसाठी जी चाळणी लावली आहे तिच्यात हे आतलं नाव हाताने लिहावं लागतं. दिनांकाची मंजू लिहायची तिथे शेऱ्याची लिहिली गेली. फोरमन मंजुरी देतो, शेरा कधीच लिहीत नाही. शेरा रिकामा, म्हणून अर्ज पडून. मेल बिनचूक सुटत होते, चुकीचा प्रश्न विचारून. इथेही रन हिस्टरी हिरवीगार.

यावरचा उपाय ऐकून फोरमनसुद्धा हसतो. रकाना जन्माला घालताना नाव रोमीत द्यायचं आणि मग वरचं बदलून मराठी करायचं. वरचं कितीही वेळा बदला, पाळण्यातलं तेच राहतं. रोमी की देवनागरी हा वाद गोव्यात कधीचा चाललाय. आमच्या यादीत तो दुपारी सव्वा वाजता मिटतो: आत रोमी, बाहेर देवनागरी.

जेवणानंतर ती चाचणी घेते. या वेळी बारा बनावट अर्ज नाहीत. 141 खरे अर्ज, त्यांच्यासमोर फोरमनची वही. तो एकेक नाव वाचतो, मी तारखेवर बोट ठेवतो, ती पडद्यावर पाहते. वही ओली आहे, अक्षर गिचमिड आहे, पण कुणी कधी किती दिवस मागितले हे तिला ठाऊक आहे. प्लॅटफॉर्मला ठाऊक असतं एवढंच, की सांगितलेल्या पायऱ्या चढून झाल्या. हिरव्या खुणेचा अर्थ तेवढाच. लाल फुली आली असती तर जूनमध्येच सगळे धावले असते.

"आणखी एक पायरी घाल," मी म्हणतो. "आम्ही हिशेबात ताळा घेतो तसा. आलेले अर्ज किती, यादीत गेलेले किती. रोज संध्याकाळी दोन्ही आकडे मला पाठव. जुळले तरी पाठव."

ती घालते. फोरमन गणपतीवरच्या माटोळीचं सामान कधी आणायचं ते घरी फोनवर विचारत बाहेर पडतो. पाऊस थोडा उणावला आहे.

साडेपाचला मेल येतो. आलेले अर्ज 141. यादीत 141. फोरमनच्या नावासमोर 29 आणि 30.