फलकाकडे गेलेले दोन सेकंद

डिजिटल जाहिरात फलक म्हणजे हजारो बारीक एलईडी दिव्यांची भिंत. लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे मिळून एक ठिपका होतो, आणि अशा ठिपक्यांनी भरलेल्या चौकटी एकमेकींना जोडून पडदा उभा राहतो. जुन्या होर्डिंगवर छापलेला फ्लेक्स ताणून बसवतात आणि त्यावर बाहेरून दिवे सोडतात. तिथला प्रकाश फ्लेक्सवर आपटून, विखरून डोळ्यांपर्यंत येतो. डिजिटल फलक मात्र स्वतःच प्रकाश फेकतो, आणि तोही नेमका पाहणाऱ्याच्या दिशेने. रस्त्यावरच्या धोक्याचे एक मूळ या फरकात आहे. दुसरे मूळ आहे चित्र सतत बदलत राहण्यात.

पहिल्यापासून सुरुवात करू. एखादा पृष्ठभाग डोळ्याला किती उजळ दिसतो हे कँडेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात. धंद्यातली माणसे त्याला सुटसुटीतपणे ‘निट’ म्हणतात. भर दुपारी उन्हात ठेवलेला पांढरा कागद पंचवीस-तीस हजार निटपर्यंत जातो. अशा उन्हाशी टक्कर द्यायची तर फलकाला निदान पाच-सहा हजार निट लागतात, म्हणून बाहेर लावायचे फलक तेवढ्या ताकदीचेच बनवतात. दुपारी यात काही वावगे नाही. प्रश्न उभा राहतो सूर्य मावळल्यावर. दिव्यांनी उजळलेल्या चांगल्या शहरी रस्त्याचा पृष्ठभाग रात्री एक-दोन निटचाच असतो. त्याच्या काठावर दुपारच्या ताकदीने पेटलेला फलक ठेवला, तर तो रस्त्यापेक्षा काही हजारपट उजळ होतो. ब्रिटनमधील प्रकाशतज्ज्ञांच्या संस्थेने शहरी भागातील मोठ्या फलकांसाठी रात्रीची मर्यादा ३०० निट सुचवली आहे. म्हणजे दुपारच्या ताकदीचा साधारण विसावा भाग. तेवढ्यावरही जाहिरात उत्तम वाचता येते.

रात्री डोळा वेगळ्या तऱ्हेने काम करतो. बाहुली मोठी होते, दृष्टिपटलावरील पेशी मंद प्रकाशाला सरावतात. ही तयारी हळूहळू होते. पूर्ण अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटे लागतात. ती मोडायला मात्र लख्ख प्रकाशाकडे टाकलेली एक नजर पुरते. फलकाकडे पाहून पुन्हा रस्त्याकडे वळलेला डोळा काही क्षण अंधारातले बारकावे टिपू शकत नाही, आणि अंधारातले बारकावे म्हणजे नेमके काय, तर गडद कपड्यांत रस्ता ओलांडणारा माणूस, दिवा नसलेली सायकल, खड्डा, दुभाजकाचे टोक.

फलकाकडे मुद्दाम पाहिले नाही तरी त्रास चुकत नाही. तीव्र प्रकाश डोळ्याच्या भिंगातून जाताना विखुरतो आणि दृष्टिपटलावर एक पातळ पांढुरका पडदा पसरवतो. त्यामुळे समोरच्या वस्तू आणि पार्श्वभूमी यांतला फरक पुसट होतो. प्रकाशाचा स्रोत नजरेच्या रेषेला जितका जवळ, तितका हा पडदा दाट; कोन निम्मा झाला तर परिणाम साधारण चौपट होतो. म्हणून रस्त्याच्या कडेला लांब उभ्या असलेल्या फलकापेक्षा वळणावर, अगदी नाकासमोर येणारा फलक अधिक वाईट. वय वाढते तसे भिंग गढूळ होते आणि विखुरणे वाढते. साठीतल्या चालकाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या चालकाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, तरी डोळे दिपण्याचा त्रास त्यालाच जास्त होतो. मोतीबिंदूची सुरुवात झालेली असेल, तर दिव्यांभोवती तेजाची वलये दिसू लागतात.

त्यात पावसाळा. ओला डांबरी रस्ता आरशासारखा होतो, फलकाचे रंग त्यावर लांबवर ओघळतात आणि लेनचे पांढरे पट्टे त्यात हरवतात. गाडीच्या काचेवरचा प्रत्येक थेंब एक छोटा दिवा होतो. चारचाकीला निदान वायपर असतो. दुचाकीस्वाराच्या हेल्मेटच्या काचेवर ओरखडे असतात आणि ती पुसायला त्याचा एक हात हँडलवरून सुटावा लागतो. आपल्या रस्त्यांवर दुचाकी किती आहेत हे पाहता डिजिटल फलकांची चर्चा नेहमी मोटारीच्या काचेआडूनच व्हावी, हे जरा विचित्रच आहे. समोरून अप्पर लावून येणाऱ्या ट्रकला डिप्पर मारून निदान सांगता तरी येते. होर्डिंगला डिप्पर मारता येत नाही.

दुसरे मूळ चित्र बदलण्याचे. डोळ्याच्या कडेला काही हलले की नजर आपसूक तिकडे वळते. त्यासाठी इच्छा लागत नाही आणि निश्चयाने ती पूर्णपणे रोखताही येत नाही. छापील होर्डिंग चार दिवसांत सवयीचे होते आणि रोज जाणाऱ्याला दिसेनासे होते. डिजिटल फलकावर दर काही सेकंदांनी नवी जाहिरात येते, त्यामुळे तो कधीच सवयीचा होत नाही. जाहिरातदार जादा पैसे मोजतो ते यासाठीच. एकच मजकूर तुकड्यातुकड्यांनी दाखवण्याची युक्ती तर आणखी घातक. पुढचा तुकडा येईपर्यंत चालक थांबून राहतो, म्हणजे गाडी थांबत नाही, फक्त लक्ष थांबते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक संस्थेने शंभर मोटारींमध्ये कॅमेरे बसवून वर्षभर चालकांचे निरीक्षण केले. २००६ मध्ये मांडलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार रस्त्यावरून दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ नजर हटली, तर अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका निदान दुप्पट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी सुमारे ३३ मीटर पुढे जाते, ताशी ८० ला ४४ मीटर. एवढे अंतर गाडी न पाहता कापते.

मग फलकांमुळे अपघात होतात हे सिद्ध झाले आहे का? सरळ उत्तर असे की अभ्यासांचे एकमत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने रेडिंग आणि रिचमंड या शहरांत चालकांच्या नजरेचा माग घेतला. २०१३ च्या अखेरीस आलेल्या अहवालात डिजिटल फलकाकडे टाकलेली सरासरी नजर अर्ध्या सेकंदाहून कमी भरली, आणि फलक उद्योगाने हा अहवाल लगेच उचलून धरला. स्टॉकहोमचा अनुभव वेगळा होता. तिथे महामार्गालगत प्रायोगिक तत्त्वावर इलेक्ट्रॉनिक फलक लावले, ४१ चालकांची नजर तपासली, आणि इतर फलकांपेक्षा या फलकांवर ती जास्त वेळा आणि जास्त वेळ खिळते असे दिसले. दिवस आणि रात्र यांत फरक आढळला नाही, हे विशेष. म्हणजे उजेड कमी करून निम्माच प्रश्न सुटतो. बदलते चित्र दुपारीही नजर ओढते. स्वीडनच्या वाहतूक यंत्रणेने ते फलक उतरवले. अमेरिकेतील अलाबामा आणि फ्लोरिडा या राज्यांत निवडक फलकांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पट्ट्यांची तुलना झाली. फलक दिसणाऱ्या पट्ट्यांत अपघातांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे २९ आणि २५ टक्क्यांनी जास्त निघाले. जागा मोजक्या होत्या, त्यामुळे यावरही शेवटचा शब्द म्हणून बोट ठेवता येत नाही.

मतभेदाचे एक कारण सरासरीत आहे. शंभरातल्या पंचाण्णव चालकांनी ओझरते पाहिले तर सरासरी छान दिसते. अपघात उरलेल्या पाचांचा होतो. शिवाय फलकाकडे पाहत असल्यामुळे धडक बसली असे पोलिसांना कोण सांगणार? पंचनाम्यात ‘वाहनावरील ताबा सुटला’ एवढेच येते.

खरी अडचण जागेच्या निवडीत आहे. जाहिरातदाराला सिग्नल, मोठा चौक, उड्डाणपुलाचे वळण, टोलनाका अशा जागा हव्या असतात, कारण तिथे गाड्या हळू होतात आणि माणसे वर पाहतात. चालकाला पूर्ण लक्ष द्यावे लागते तेही याच जागांवर. सिग्नलच्या मागे लाल-हिरव्या रंगांनी नाचणारा पडदा असेल, तर खरा लाल दिवा त्या गर्दीत उशिरा ओळखू येतो. जाहिरातीसाठी उत्तम जागा आणि चालकासाठी अवघड जागा बहुतेक वेळा एकच असते, आणि भाडे पहिल्या गुणाचे मिळते.

इतर देशांनी यावर वेगवेगळे मार्ग काढले आहेत. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये ताशी ८० किलोमीटरपेक्षा कमी वेगमर्यादेच्या रस्त्यावर एक चित्र निदान १० सेकंद आणि ८० किंवा त्याहून वेगवान रस्त्यावर २५ सेकंद स्थिर ठेवावे लागते. हिशेब साधा आहे: फलकासमोरून जाताना एका चालकाला शक्यतो एकच चित्र दिसावे. अमेरिकेत २००७ च्या मार्गदर्शनानुसार ४ ते १० सेकंद चालतात, आणि ते फारच उदार म्हणावे लागेल. व्हर्मोंट, मेन, हवाई आणि अलास्का या राज्यांनी रस्त्याकडेच्या होर्डिंगवरच बंदी घातली. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने २००७ पासून ती सगळी उतरवली.

भारतात नियमांचा तुटवडा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्याकडेच्या जाहिरातींसाठी १९७२ मध्येच धोरण आखले. चौक किंवा पुलापासून १०० मीटरच्या आत जाहिरात नको, शहरात फार तर ५० मीटरपर्यंत सवलत, वाहतूक चिन्हाजवळही नको, असे त्यात म्हटले आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील वाहतुकीला धोकादायक ठरणारी रस्त्याकडेची होर्डिंग हटवण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात महापालिकांच्या परवान्यांत होर्डिंगला अजूनही ‘आकाशचिन्ह’ म्हणतात. परवाना देताना आकार, उंची, पाया आणि शुल्क पाहिले जाते. घाटकोपरमध्ये १३ मे २०२४ रोजी वादळात महाकाय होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा जीव गेला, तेव्हापासून लक्ष साहजिकच सांगाड्याच्या मजबुतीकडे आहे. त्यानंतर मुंबई महापालिकेने आखलेल्या जाहिरात धोरणात डिजिटल फलकांच्या प्रकाशाचाही विचार झाला. उभा फलक कोसळला तर दिसतो. उजेडाने घडवलेला अपघात मात्र फलकाच्या नावावर लागत नाही.

उपाय महागडे नाहीत. सभोवतालचा उजेड ओळखून फलक आपोआप मंद करणारा सेन्सर बहुतेक नव्या फलकांत बसवता येतो. तो नीट जुळवलेला आहे ना आणि धुळीने आंधळा झालेला नाही ना, एवढे पाहावे लागते. पांढऱ्या पार्श्वभूमीची जाहिरात काळ्या पार्श्वभूमीपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश फेकते, म्हणून मर्यादेची तपासणी पूर्ण पांढऱ्या पडद्यावर करायची. बिघाड झाला तर पडदा पांढरा पडून किंवा लुकलुकत राहण्याऐवजी आपोआप काळा व्हावा. चित्रफीत नको, तुकड्यांतला मजकूर नको, चित्र बदलताना झगमगाट नको.

हे कोणी पाळले नाही तर हटवण्याचा अधिकारही कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११६ नुसार चालकाचे लक्ष विचलित करणारी जाहिरात काढून टाकण्याचा अधिकार राज्य सरकार पोलीस अधिकाऱ्याला देऊ शकते. तो वापरायला रात्री जागेवर जाऊन मोजलेला आकडा लागतो, आणि तो आकडा देणारे दीप्तिमापक यंत्र एका हातात मावते.