अर्धी रक्कम आणि एक पत्र: ब्रिटनमधली हप्त्याची गाडी मुदतीआधी परत करताना

ब्रिटनमध्ये नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं वर्षा-दोन वर्षांत गाडी घेतात आणि ती बहुधा हप्त्यांवरच असते. स्लाउ असो की मिल्टन कीन्स, मुलांना शाळेत सोडायचं, वाणसामान आणायचं तर गाडीवाचून अडतं. पुढे कधी नोकरी जाते, कधी व्हिसाची मुदत संपत येते, कधी गावाकडे आईवडिलांचं दुखणं वाढतं आणि परतायचं ठरतं. कराराचे दीड-दोन वर्षांचे हप्ते मात्र उरलेले असतात. अशा वेळी ओळखीपाळखीतून जे सल्ले मिळतात, त्यांतले बरेच चुकीचे असतात. त्यापायी कुणी भरायची गरज नसलेले पैसे भरतं, तर कुणी कायद्याने दिलेला हक्क न वापरताच किल्ल्या फायनान्स कंपनीच्या हाती देऊन मोकळं होतं. हा दुसरा मार्ग फार महागात पडतो.

गैरसमज: सही केली की शेवटच्या हप्त्यापर्यंत सुटका नाही

कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट, १९७४ या कायद्याचं कलम ९९ सांगतं की शेवटचा हप्ता देय होण्याआधी ग्राहक केव्हाही लेखी सूचना देऊन भाडे-खरेदीचा (हायर पर्चेस) करार संपवू शकतो. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही आणि कंपनीची परवानगीही लागत नाही. कलम १०० त्याची किंमत ठरवतं: करारातल्या एकूण देय रकमेच्या निम्मी रक्कम. तेवढी भरून झाली असेल, हप्ते थकलेले नसतील आणि गाडी नीट सांभाळली असेल, तर गाडी परत द्यायची आणि विषय संपला. करारात याहून कडक अट लिहिली असली तरी ती चालत नाही. हा हक्क करारातून काढून घेण्याची मुभा कलम १७३ देत नाही.

हे औदार्य आलं कुठून, ते कळलं की कायदा जास्त उमगतो. भाडे-खरेदी करारात शेवटचा पैसा भरेपर्यंत वस्तू कंपनीची असते. आपण तोवर भाडेकरू असतो आणि शेवटी ती विकत घेण्याचा पर्याय आपल्याकडे असतो. १८९५ साली एका पियानोच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने हे तत्त्व पक्कं केलं. घेणाऱ्यावर खरेदीचं बंधन नाही, म्हणून मालकी विकणाऱ्याकडेच राहते, असा तो निकाल होता. याचा फायदा व्यापाऱ्यांनी पुरेपूर उठवला. गरीब घरांतलं फर्निचर, शिलाई यंत्रं शेवटचे दोन-चार हप्ते राहिले असताना एखादा हप्ता चुकला की ते उचलून नेत आणि भरलेले सगळे पैसेही बुडत. जॅरोच्या मजूर पक्षाच्या खासदार एलन विल्किन्सन यांनी खासगी विधेयक आणून १९३८ चा हायर पर्चेस ॲक्ट करून घेतला आणि या लुटीला लगाम घातला. आजच्या कायद्यातला निम्म्याचा नियम आणि एक तृतीयांशाचं संरक्षण यांचं मूळ तिथे आहे. म्हणून हा हक्क वापरताना संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

गैरसमज: निम्मे म्हणजे निम्मे महिने

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून हिशेब मांडूनच पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत.

साध्या भाडे-खरेदीत समजा २,००० पौंड आधी भरले आणि ४५० पौंडांचे ४८ हप्ते ठरले. एकूण देय रक्कम २३,६०० पौंड, तिचे निम्मे ११,८००. सुरुवातीचे २,००० यात धरले जातात. जुनी गाडी देऊन जी किंमत वळती केली तीही धरली जाते. उरलेल्या ९,८०० साठी २२ हप्ते लागतात. म्हणजे चार वर्षांपैकी दोन वर्षं पुरती व्हायच्या आधीच आपण निम्मं गाठतो.

आता पीसीपी (पर्सनल काँट्रॅक्ट पर्चेस) हा दुसरा प्रकार घ्या. इथे महिन्याचा हप्ता हलका असतो, पण शेवटी एक मोठी रक्कम उभी असते. तिला सगळे बलून म्हणतात. सुरुवातीला २,०००, मग ३०० पौंडांचे ४८ हप्ते आणि शेवटी बलून ९,००० पौंड. एकूण २५,४००, निम्मे १२,७००. ते गाठायला ३६ हप्ते लागतात, म्हणजे तीन वर्षं. बलून एकूण रकमेत मोजला जातो, हे लक्षात न आल्याने लोक चोविसाव्या महिन्यात पत्र पाठवतात आणि साडेतीन हजार पौंडांची मागणी आली की हबकतात. मागणी बरोबर असते.

कागद हाती असेल तर हा हिशेब करायचीही गरज नाही. कायद्यानुसार करारातच ग्राहकाच्या करार संपवण्याच्या हक्काची चौकट छापलेली असते आणि तिच्यात निम्म्याचा आकडा पौंडांत लिहिलेला असतो. शोरूममध्ये सही करताना ती चौकट कुणी वाचत नाही. आज घरी गेल्यावर वाचा.

निम्मं भरलेलं नसलं तरी करार संपवता येतो. मग फरकाची रक्कम द्यावी लागते. आधी सगळे पैसे आणा, मग सूचना घेऊ, असं उत्तर मिळालं तर घाबरू नका. कलम ९९ प्रमाणे करार सूचनेने संपतो आणि फरक हे त्यातून निर्माण झालेलं देणं असतं. ते हप्त्यांनी फेडण्याबद्दल बोलणी करता येतात. कंपनीचं प्रत्यक्ष नुकसान त्याहून कमी आहे असं दिसलं, तर न्यायालय रक्कम कमीही करू शकतं. उलट बाजूही ध्यानात ठेवावी: निम्म्याहून जास्त भरलं असेल तर वरचे पैसे परत मिळत नाहीत. सोडायचीच असेल, तर निम्मं ओलांडल्यावरचा प्रत्येक महिना खिशातून जातो.

गैरसमज: गाडी परत दिली की झालं, कशी दिली याने काय फरक पडतो?

या एका ठिकाणी मी वाचकाचा हात धरून थांबवेन. गाडी परत देण्याचे दोन रस्ते आहेत आणि बाहेरून ते सारखे दिसतात. एक, वर सांगितलेला कलम ९९ चा, ज्याला इथे व्हॉलंटरी टर्मिनेशन म्हणतात. दुसरा व्हॉलंटरी सरेंडर, म्हणजे हप्ते झेपत नाहीत म्हणून गाडी कंपनीच्या स्वाधीन करणं. दुसऱ्यात निम्म्याची मर्यादा नसते. कंपनी गाडी लिलावात विकते, आलेली रक्कम वळती करते आणि उरलेलं सगळं कर्ज, खर्चासकट, तुमच्याकडे मागते. लिलावात गाडीला बाजारभाव क्वचितच मिळतो.

म्हणून फोनवर बोलून भागवू नये. पत्र किंवा ईमेल लिहावं, त्यात करार क्रमांक द्यावा आणि कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४ च्या कलम ९९ खाली हा करार संपवत आहे, हे वाक्य स्वच्छ लिहावं. पाठवल्याचा पुरावा ठेवावा. कंपनी आपला फॉर्म पाठवेल. त्यात सरेंडर हा शब्द किंवा उरलेली सगळी रक्कम मान्य असल्याचं कलम दिसलं, तर सही करू नये.

वेळेचंही भान हवं. हप्ते थकले की कंपनी डिफॉल्टची नोटीस पाठवते. तिची मुदत उलटून कंपनीनेच करार संपवला, तर संपवायला करारच उरत नाही आणि कलम ९९ हातचं जातं. ओढाताण सुरू झाली असेल, तर पत्र त्याआधी गेलं पाहिजे.

गैरसमज: हप्ता चुकला की रात्रीतून गाडी ओढून नेतील

ही भीती आपल्याकडच्या अनुभवातून येते. ब्रिटनमध्ये एकूण रकमेच्या एक तृतीयांश भरून झाली की न्यायालयाच्या आदेशावाचून कंपनीला गाडी नेता येत नाही. तरी नेली, तर कलम ९१ प्रमाणे करार संपतो, ग्राहक सगळ्या देण्यातून सुटतो आणि भरलेले पैसे परत मागू शकतो. मात्र तुम्ही स्वतःहून संमती दिलीत, तर हे संरक्षण उरत नाही. दारात आलेल्या माणसाच्या गोड बोलण्याला भुलून किल्ली देऊ नये.

गैरसमज: भारतात असतं तसंच इथेही

भारतातलं नेहमीचं वाहनकर्ज वेगळं असतं. गाडी आपल्या नावाची असते आणि आरसीवर बँकेच्या तारणाची नोंद असते. तिथे निम्मे भरून गाडी परत देण्याचा कायदेशीर हक्क नाही. भारताच्या संसदेने १९७२ साली भाडे-खरेदीचा कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे पुण्याच्या काकांचा सल्ला कितीही कळकळीचा असला तरी इथे लागू पडत नाही. उलट, ब्रिटनमध्ये बँकेकडून वैयक्तिक कर्ज काढून गाडी घेतली असेल, तर ती तुमचीच आहे आणि कलम ९९ तिला लागू नाही. पीसीएच म्हणजे निव्वळ भाडेपट्ट्यालाही निम्म्याचा नियम नाही. तिथे करारातलं लवकर सोडण्याचं शुल्क लागतं. स्वतःच्या लिमिटेड कंपनीच्या नावावर गाडी घेतलेल्या आयटीतल्या कंत्राटदारांनाही हा हक्क मिळत नाही.

गैरसमज: लॉगबुकवर माझं नाव, म्हणजे विकता येते

व्ही५सी या कागदावर गाडी सांभाळणाऱ्याचं नाव असतं, मालकी त्याने सिद्ध होत नाही. कर्ज चुकतं न करता गाडी परस्पर विकली, तर देणं राहतंच आणि वर फौजदारी प्रकरण होऊ शकतं.

मात्र रीतसर विकणं कधी कधी परत देण्यापेक्षा फायद्याचं असतं. कलम ९४ प्रमाणे कर्ज मुदतीआधी फेडता येतं आणि पुढच्या व्याजात सूट मिळते. कंपनीकडून आजचा फेडीचा आकडा मागवा आणि गाडीचा बाजारभाव काढा. बाजारभाव जास्त असेल, तर फेडून विका, वरचे पैसे तुमचे. फेडीचा आकडा जास्त असेल, तर निम्म्याचा रस्ता धरा. जुन्या कर्जाचं आम्ही बघतो असं म्हणणारा डीलर तो फरक पुष्कळदा नव्या गाडीच्या कर्जात मिसळतो, एवढं ओळखून असावं.

गाडीची अवस्था, मैल आणि पत

नेहमीच्या वापराने गाडी जुनी होणारच. कायदा वाजवी काळजीची अपेक्षा करतो. फाटलेली सीट, ठेचलेलं दार याचे पैसे मागता येतात, बारीक ओरखड्यांचे नाही. भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांच्या बीव्हीआरएलए या संघटनेची झिजेबद्दलची मार्गदर्शिका आहे. गाडी न्यायला येण्याआधी तिच्याशी ताडून पाहावं आणि तारखेसह सगळ्या बाजूंचे फोटो, मीटरचा आकडा घेऊन ठेवावा. जादा मैलांच्या आकारावरून वाद होतात. बिल अवाजवी वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि आठ आठवड्यांत समाधान झालं नाही, तर फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिसकडे जावं. ग्राहकाला तिथे पैसे पडत नाहीत.

पतनोंदीत हा करार ग्राहकाने संपवल्याची खूण राहू शकते. ती डिफॉल्टची नोंद नव्हे. पत बिघडते ती थकलेल्या हप्त्यांनी. हप्ते झेपेनासे झाले असतील, तर स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन, सिटिझन्स ॲडव्हाइस यांच्याकडे विनामूल्य सल्ला मिळतो. विमानतळावर गाडी उभी करून निघून जाणं हा पर्याय कुणी सुचवला, तर ऐकू नका. देणं तसंच राहतं, शिवाय कलम ९९ चा फायदाही जातो.

गाडी गेल्यावर डीव्हीएलएला कळवावं, म्हणजे रोड टॅक्सच्या उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत येतात. विमा त्यानंतर बंद करावा. डायरेक्ट डेबिट मात्र करार संपल्याची लेखी पोच आल्याशिवाय तोडू नये. खातं बंद झाल्याचं आणि काही देणं नसल्याचं पत्र मागून घ्यावं, आणि ब्रिटन सोडणार असाल तर कंपनीला भारतातला पत्ता व चालू राहणारा ईमेल आधीच द्यावा. जुन्या घरी पडून राहिलेल्या नोटिशीला उत्तर देता येत नाही.