गॉलवेत भाषेची एम.ए.: पैशांविषयीचे समज आणि खरा हिशेब

भाषा शिकण्यासाठी आयर्लंडमधल्या गॉलवेसारखे गाव शोधून सापडणार नाही. 1845 साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे आणि शहराच्या पश्चिमेला समुद्राकाठाने आयरिश बोलणाऱ्यांचा पट्टाच सुरू होतो. तिथे एम.ए. करू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींच्या घरी खर्चाविषयी मात्र ऐकीव माहिती फार फिरते. तिच्या भरवशावर घर गहाण पडू नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिला समज म्हणजे आयर्लंडमध्ये शिक्षण फुकट असते. नव्वदच्या दशकात सरकारने पदवीचे शुल्क माफ केले, ही बातमी खरी आहे. पण ती सवलत पहिल्या पदवीपुरती आणि मुख्यतः युरोपीय देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. एम.ए.ला ती लागू नाही. भारतीय विद्यार्थ्याला युरोपबाहेरच्यांचे वेगळे शुल्क भरावे लागते, आणि कला शाखेतही ते वीस हजार युरोंच्या आसपास जाते.

सर्वांत महाग पडणारा समज दुसरा: ‘तिथे गेल्यावर काम करून फी भरता येते.’ विद्यार्थ्याच्या परवान्यावर, म्हणजे स्टॅम्प 2 वर, सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येते. जून ते सप्टेंबर आणि 15 डिसेंबर ते 15 जानेवारी या काळात 40 तास. 1 जानेवारी 2026पासून किमान वेतन ताशी 14.15 युरो आहे. म्हणजे सत्रातल्या एका आठवड्याचे 283 युरो, आणि बारा-बारा आठवड्यांची दोन्ही सत्रे एकही दिवस न चुकवता काम केले तर 6,792 युरो. यातून किराणा निघेल, खोलीभाड्याचा काही भाग निघेल. फी निघणार नाही. उन्हाळ्यात जुलैचा कला महोत्सव, मग घोड्यांच्या शर्यती, सॉल्टहिलच्या समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी. हॉटेलांत कामाला माणसे लागतात हे खरे. पण एम.ए.चा प्रबंध लिहायचाही तोच काळ असतो. आठवड्याला 40 तास ताटे उचलून भाषेवरचा प्रबंध नीट लिहून होईल, असे कुणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. शिवाय शहर लहान आहे, खोल्यांची टंचाई मोठी आहे. राहण्याची सोय प्रवेशाच्याही आधीपासून शोधायला लागावे.

व्हिसासाठी नातेवाइकांकडून पैसे घेऊन खात्यात दाखवायचे आणि मग परत करायचे, हा सल्लाही सर्रास मिळतो. तो ऐकू नका. खात्याचा सहा महिन्यांचा उतारा मागतात आणि मध्येच आलेल्या मोठ्या रकमेचा खुलासा द्यावा लागतो. फीखेरीज राहण्याच्या खर्चासाठी वर्षाला 10,000 युरो हाताशी असल्याचा पुरावा हवा. फी 6,000 युरोंपेक्षा जास्त असेल तर निदान तेवढी रक्कम अर्जापूर्वीच भरलेली असावी लागते.

‘भाषेला कोण शिष्यवृत्ती देणार?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि त्यामुळे अर्जच केला जात नाही, याचे मला वाईट वाटते. आयर्लंड सरकारची आंतरराष्ट्रीय शिक्षण शिष्यवृत्ती युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. दरवर्षी 60 जणांना एका वर्षासाठी 10,000 युरो मिळतात आणि विद्यापीठ फी माफ करते. कला शाखेला तिथे मज्जाव नाही. अट एवढीच की अर्ज करताना प्रवेशाचे, निदान सशर्त प्रवेशाचे, पत्र हातात हवे. म्हणून प्रवेशाचा अर्ज आधीच्या हिवाळ्यातच करावा. आपल्याकडच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी जरूर अर्ज करावा. मात्र तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे, तेव्हा गॉलवे त्यात बसते का हे त्या वर्षीच्या जाहिरातीत आधी पाहावे.

कर्जाबाबत थोडक्यात. शिक्षण चालू असताना सहसा हप्ता नसतो, पण व्याज चढत राहते. प्राप्तिकरातली सवलत फक्त व्याजावर, जास्तीत जास्त आठ वर्षे आणि जुन्या करप्रणालीतच मिळते. मामाकडून घेतलेल्या कर्जाला नाही. परदेशी पैसे पाठवताना कापला जाणारा टीसीएस हा आगाऊ कर बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर तो करात वळता होतो किंवा परत मिळतो.

राहता राहिला नोकरीचा भरवसा. 1 जानेवारी 2022पासून युरोपीय संघात आयरिशला पूर्ण कामकाजाच्या भाषेचा दर्जा आहे, अनुवादकांची गरज आहे, आणि गॉलवेत दुभाष्यांसाठी एम.ए.ही आहे. पण संघाच्या कायम नोकरीसाठी सदस्य देशाचे नागरिकत्व लागते, भारतीय पारपत्रावर ती मिळत नाही. एम.ए.नंतर स्टॅम्प 1जीवर दोन वर्षांपर्यंत राहून काम शोधता येते. तेवढ्या मुदतीत पुढच्या कामाच्या परवान्यासाठीची किमान पगाराची अट पूर्ण करणारी नोकरी मिळवावी लागते, आणि भाषेच्या पदवीधराला ती गॉलवेतल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यांत जाणाऱ्या अभियंत्याइतकी सहज मिळत नाही. म्हणून कर्जाची रक्कम ठरवताना आयरिश पगार गृहीत धरू नये. पुण्या-मुंबईत भाषा शिकवून किंवा अनुवाद करून जी मिळकत होईल, तिच्यातून फिटेल एवढेच कर्ज काढावे, आणि उरलेल्या रकमेसाठी शिष्यवृत्ती मिळेपर्यंत एक वर्ष थांबावे लागले तरी थांबावे.